दीड माळेची कॉफी

परवा आमचे धाकटे जावई मुंबईहून देवासला आले. दोन दिवस झाले नाहीत तोच माझ्या लेकीला हळूच विचारतात, "काय गं, तुमच्या या गावात चांगली कॉफी कुठे मिळते का? आणि सोबत काही ताजं, भट्टीतून काढलेलं?" लेक म्हणाली, "पोहे मिळतात, कचोरी मिळते, शेव तर पायलीनं मिळते. कॉफीचं नाव काढू नका." मी आत तांदूळ निवडत होते. डोळे अधू झाले तरी माझे कान शाबूत आहेत. मी आतूनच म्हटलं, "मिळायची हो जावईबापू! अख्ख्या माळव्यात मिळत नसेल अशी मिळायची. एकाच घरी. आणि करणारा गृहस्थ तिचा थेंबसुद्धा तोंडात घालत नसे."

जावयांना वाटलं, सासूबाई चेष्टा करताहेत. मग सांगायलाच बसले.

साल विचारू नका, मला सांगता यायचं नाही. इंदुरास प्लेगच्या फेऱ्या चालू होत्या. देवासला आगगाडी नव्हती; इंदूरहून टांग्यात बसलं की कंबर पुरती मोडल्यावर देवीची टेकडी दिसायची. मी धारची. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला सोळावं सरलं होतं. आमचे हे शाळेत गणित शिकवायचे. देवासची तेव्हाची गंमत तुम्हाला ठाऊक नसेल. गाव एक, राज्यं दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. मधून सडक. सडकेच्या अलीकडे एक महाराज, पलीकडे दुसरे. आम्हाला बिऱ्हाड मिळालं ते थोरल्या पातीत. घरमालक मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. नोकरी सगळी धार दरबारात झाली होती, त्यामुळे मी धारची म्हटल्यावर पुढची चौकशी न करता त्यांनी किल्ली आमच्या हातात दिली.

पहिल्याच सकाळी मी चूल पेटवत होते तर काहीतरी जळाल्याचा वास आला. वास कसला, लोटच्या लोट! मला वाटलं, मागच्या पडवीला आग लागली. भरलेली कळशी उचलून तशीच धावले. बघते तर अंगणात सोवळं नेसलेले, उघड्या अंगाचे घरमालक शेगडीपुढे मांडी घालून बसलेले. शेगडीवर लोखंडी कढई, कढईत तांबूस-काळे दाणे, उजव्या हातात उलथनं आणि डाव्या हातात जपमाळ. डाव्या हातात जपमाळ धरलेला माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. मी "अगंबाई!" म्हणून कळशी उंच केली, तर त्यांनी डोळे असे वटारले की माझा हात तसाच वर राहिला. तोंडानं जप चालूच. शेवटचा मणी ओढला, कढई खाली घेतली, दाणे सुपात ओतले आणि मग म्हणाले, "सूनबाई, कळशी ओतली असतीस तर माझी महूच्या छावणीची फेरी फुकट गेली असती. हे बुंददाणे आहेत. कॉफीचे. दीड माळ भाजायचे. एक मणी कमी नाही, एक मणी जास्त नाही."

"जप देवासाठी की कॉफीसाठी हो काका?" मी विचारलं. तोंड माझं तेव्हाही फटकळच होतं.

"देवाला कुठे घाई असते? कॉफीला असते," ते म्हणाले आणि सुपातले दाणे फुंकायला लागले.

घरात घड्याळ होतं. पण घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता. म्हणायचे, "घड्याळ कुणाचं तरी ऐकून चालतं. माझी माळ माझी आहे." दीड माळ भाजायचं, मग खलबत्त्यात कुटायचं, उकळतं पाणी ओतायचं, पाव माळ मुरू द्यायचं, जुन्या उपरण्याच्या तुकड्यातून गाळायचं. त्यावर दूध आणि चिमूटभर साखर. भाजताना कुणी बोलायचं नाही. एकदा कुणी आप्त मंडळी लग्नाची अक्षत घेऊन आली, तर त्यांना दारात उभं करून काकांनी राहिलेले मणी पुरे केले. ती मंडळी जी रुसली ती कायमची.

गल्लीत त्यांना बुंदवाले काका म्हणत. तोंडावर काका, पाठीमागे बरंच काही. "पेन्शन सुरू झाली आणि माणसाचं डोकं फिरलं." "या वयात जिभेचे काय हे चोचले!" त्या काळात चहासुद्धा धड कुणाच्या घरात शिरला नव्हता, कॉफी म्हणजे साहेबाचं, छावणीतलं पेय. काका कुणाशी भांडत नसत. कुणी टोकलंच तर दोन्ही हात जोडून म्हणत, "काय करणार! मला लागते. जीभ मोठी वाईट बघा माझी."

आणि कॉफीवर भागत नव्हतं. सोबत नानकटाई हवी. तीही ताजी, त्याच सकाळची. सडकेच्या पलीकडे, धाकट्या पातीत एका पाववाल्या चाचांची भट्टी होती. चाचा मूळचे महूच्या छावणीतले. काका पहाटे सोवळ्यात घरचं तूप, घरची साखर, रवा-मैदा फेसून गोळे करायचे, पितळी डब्यात भरायचे आणि स्वतः भट्टीवर नेऊन समोर उभं राहून भाजून आणायचे. चाचा डब्यात डोकावून म्हणायचे, "भिया, इत्ता घी! मेरी भट्टी में दिवाली मनानी है क्या?" काका म्हणायचे, "तुम भूंजो चाचा, दिवाली हम मना लेंगे." पीठ मळायचं थोरल्या पातीत, भाजायचं धाकट्या पातीत आणि खायचं पुन्हा थोरल्या पातीत! आमच्या ह्यांना याची भारी मौज वाटायची. म्हणायचे, "दोन राज्यांची एवढी एकी दुसऱ्या कुठल्या कामात होत नसेल."

गल्लीतल्या सोवळ्या मंडळींना मात्र मौज वाटली नाही. पाववाल्याच्या भट्टीतलं खातात म्हणून श्रावणातल्या पंगतींना काकांना बोलावणं येईनासं झालं. काका म्हणाले, "अग्नीला कसला आलाय विटाळ?" आणि सकाळी पुन्हा डबा घेऊन निघाले.

आठवडाभरात माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. हे सगळं करून काका एकच फुलपात्र भरायचे. ते आणि दोन नानकटाया ताटलीत घेऊन आतल्या खोलीत जायचे. बाहेर आल्यावर चूळ भरायचे नाहीत, की ओठ पुसायचे नाहीत. आणि मग चुलीपाशी उकिडवं बसून पेलाभर दूध प्यायचे, साधं! मी विचारलंच, "काका, तुमची कॉफी?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "कडू असते गं ती. घोटभर घेतली होती एकदा, दिवसभर पोटात कालवाकालव. कशी पितात कोण जाणे!"

आतल्या खोलीत काकू होत्या.

काकू तंजावरच्या. तिकडे आपली मराठी माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली आहेत, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. त्यांचे वडील काशीयात्रेला निघाले होते, वाटेत उज्जैनला थांबले, तिथे घाटावर काकांच्या वडिलांशी ओळख झाली आणि ओळखीत सोयरीक. दहा वर्षांची पोर इकडे आली ती पुन्हा माहेरी गेली नाही. इतक्या लांब नेणार कोण? बोलणं आपलंच, पण शब्द जुने आणि हेल निराळा. त्यांच्या बोलण्याला इकडच्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. पोटी मूल नाही. काका मोजणीच्या कामानं बाराही महिने फिरतीवर, धारकडच्या डहीच्या डोंगरांत तंबू ठोकून. निवृत्त होऊन घरी आले आणि त्याच वर्षी काकू न्हाणीत घसरून पडल्या. कमरेखालून पाय गेले. खिडकीशी पलंग होता. त्यावर बसून राहायच्या.

पाय गेले आणि काकूंनी अन्न टाकलं. ताट जसं आत जायचं तसं बाहेर यायचं. वैद्यबुवा म्हणाले, "औषध मी देतो, पण भूक कुठून आणू? हे असंच चाललं तर दिवाळी निघायची नाही." काका पलंगाजवळ जाऊन बसले. काय हवं, काय करू, विचारून थकले. तीन दिवसांनी काकू एवढंच म्हणाल्या, "आमच्या तंजावरास उठलं की कॉफीचा वास यायचा. तेव्हा कळायचं सकाळ झाली म्हणून. इथं काही कळतच नाही."

दुसऱ्या दिवशी काका टांगा करून इंदूर आणि तिथून महूला गेले. रिकाम्या पोटी कॉफी दिली तर पित्त खवळेल, असं वैद्यबुवांनी बजावल्यामुळे नानकटाई आली. आणि हे सगळं बायकोसाठी चाललंय, हे काकांनी गल्लीत कुणाला कळू दिलं नाही. अंथरुणाला खिळलेली बाई आणि तिला हे डोहाळे, असं कुणी म्हटलेलं त्यांना खपलं नसतं. म्हणून सगळी नावं स्वतःच्या जिभेवर घेतली. मला हे कळलं तेव्हा मी चुलीपुढे बसून रडले. काही दिवसांपूर्वी मीच ह्यांच्याजवळ म्हटलं होतं, "म्हातारा मोठा खादाड दिसतो."

आता रोजचा सोहळा सांगते. काका फुलपात्र काकूंच्या हातात द्यायचे आणि समोरच्या चौरंगावर बसायचे. परीक्षेला बसलेल्या पोरासारखा चेहरा. काकू डोळे मिटून एक घोट घ्यायच्या. थांबायच्या. मग म्हणायच्या, "छान झालीय. पण तंजावरची नव्हे."

"काय कमी आहे?"

"काय की... पाणी असेल."

झालं! काका पाण्याच्या मागे. टेकडीखालच्या विहिरीचं आण, मीठा तलावाचं आण, उज्जैनहून क्षिप्रेचं आण. मग काकू म्हणायच्या, "दूध असेल." म्हणून काकांनी गाय घेतली. गाईला सरकी घालून पाहिली, सरकी बंद करून पाहिली. गवळी म्हणाला, "काकासाब, अब गाय के बी काफी पिवाडोगा कंई?" गाईलाही कॉफी पाजणार का, म्हणे! मग भांडं. तांब्याचं झालं, पितळेचं झालं, मातीचंही झालं. या चर्चा घटकाघटका चालायच्या आणि तेवढ्यात काकू बोलता बोलता दोन्ही नानकटाया खाऊन टाकायच्या. एकदा सकाळी पोटात काही गेलं की दुपारी वरणभातही जायचा. वैद्यबुवांची ती दिवाळी निघाली, त्यापुढच्याही निघाल्या.

एकदा कार्तिकात काका उज्जैनला गेले. घाटावर दक्षिणेकडचे यात्रेकरू येतात, त्यांना कॉफीची कृती विचारायची म्हणून. एक शास्त्री सापडले, पण त्यांना ना मराठी येत होती ना हिंदी. काकांनी मोडकंतोडकं संस्कृत काढलं. काळ्या रंगाचं, कडू, गरम पेय सकाळी कसं करावं? नदीत बुडी मारून काकांचं नाक चोंदलेलं. शास्त्रीबुवांनी नाकाकडे पाहिलं, विचार केला आणि सुंठ, मिरी, तुळस, गूळ असं सगळं सविस्तर सांगितलं. काकांनी ते पाठ केलं आणि घरी येऊन दुसऱ्या सकाळी कॉफीत घातलं. काकूंनी घोट घेतला आणि ठसकाच लागला. "अहो, ही कॉफी नव्हे, हा बाळंतकाढा आहे!" इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी. काका आधी ओशाळले, मग तेही हसायला लागले. त्या हिवाळ्यात गल्लीत ज्याला पडसं झालं त्यानं तो काढा नेला. पंगतीला न बोलावणारेही भांडं घेऊन आले, आणि काकांनी दिला.

आता माझा गुन्हा सांगते.

काकांनी काकूंच्या भावाला तंजावरला पत्रावर पत्रं घातली होती; मजकूर मला मागाहून कळला. तुमच्याकडची कॉफी, तुमच्याच घरी भाजलेली, थोडी धाडा. एकदा तीच चव तिच्या तोंडी पडू दे. दोन वर्षं उत्तर नाही. काका म्हणायचे, "सूनबाई, एकदा का ती चव लागली ना, ही उठून उभी राहील बघ." पाय उठायचे नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. तरी असंच म्हणायचे. माझ्या तिसऱ्या श्रावणात एके दिवशी टपालवाल्यानं पार्सल आणून दिलं. झाळ देऊन बंद केलेला पत्र्याचा डबा. काका महूला गेले होते, संध्याकाळी यायचे होते. माझ्या अंगात उत्साह संचारला. म्हटलं, काका येईपर्यंत सगळं तयार करून ठेवू.

त्या घरचा नेम होता. बाहेरून आलेला दाणा धुऊन वाळवल्याखेरीज चुलीपाशी जायचा नाही. श्रावणात तर नाहीच नाही. महूचे हिरवे बुंददाणे मीच धुऊन वाळत घालायची. मी डबा फोडला, दाणे परातीत ओतले. हे फिके तपकिरी होते, आणि एवढ्या वाटेत वासही उडालेला. मला वाटलं, तिकडची जात निराळी असेल. टपालातून आलेले, कुठकुठल्या माणसांचे हात लागलेले. पाणी ओतलं. पाणी काळं झालं! मी म्हटलं, बघा, एवढ्या लांबून धाडतात आणि वाण्यानं रंग लावून फसवलंय. ते फेकलं, दुसरं ओतलं. तेही काळं. मी पदर खोचला. सात पाणी काढली. पाणी स्वच्छ येईपर्यंत चोळचोळून धुतले आणि पाटावर पसरून मोठ्या समाधानानं भाजी चिरायला बसले.

काका आले. पाटापुढे उभे राहिले. एक दाणा उचलून वास घेतला, दुसरा घेतला. मी म्हटलं, "सगळा रंग काढून टाकला हो काका." ते उंबऱ्यावर बसले आणि हातातला दाणा नुसता चोळत राहिले. मग हळूच म्हणाले, "भाजलेली होती गं." मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी अशी रडले, अशी रडले की आतून काकूंनी हाक मारली, "काय झालं? पोर का रडतेय?" त्यांच्या खिडकीतून पाट दिसत होता, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या सकाळी काकांनी तेच दाणे कढईत सुकवले, कुटले, गाळले. फुलपात्रात बघवत नव्हतं. पावसाळ्यातल्या ओढ्याचं पाणी त्याहून बरं. मी दाराआड पदराचा बोळा तोंडात धरून उभी. काकूंनी डोळे मिटून घोट घेतला. थांबल्या. दुसरा घेतला. मग डोळे उघडून म्हणाल्या, "हीच! अहो, हीच ती. आमच्या तंजावरची!"

काका बाहेर आले ते तरंगत. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "भाजल्यावर धुवायची असते! इतकी वर्षं मला कुणी सांगितलंच नाही! सूनबाई, तू नसतीस तर हे कोडं सुटलं नसतं."

घ्या! दुसऱ्या दिवसापासून महूचे दाणे दीड माळ भाजायचे आणि सात पाण्यांनी धुवायचे. आणि काकूंना रोज तेच धुवण प्यावं लागलं. रोज म्हणावं लागलं, हीच ती. आता शोध संपला होता. काका फुलपात्र हातात देत, "हीच ना?" असं उभ्या उभ्याच विचारत आणि निघत. सकाळच्या सकाळी टेकडीवर जायला लागले, चाचांच्या भट्टीवर गप्पा मारत बसायला लागले, एका जुन्या स्नेह्याच्या शेताचा नकाशा काढून द्यायला दोन दिवस बाहेरही राहिले. इतक्या वर्षांचं काम फत्ते झालेला माणूस. खूश होता बिचारा. नवव्या-दहाव्या दिवशी मी ताटली उचलायला गेले तर दोन्ही नानकटाया तशाच. दुपारचं ताटही तसंच परत आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला वैद्यबुवांचं बोलणं आठवलं.

दुपारी मी काकूंची वेणी घालायला बसले आणि म्हटलं, "काकू, माझ्यासाठी खोटं बोललात ना? ते पाणी पिववत नाही म्हणून जेवण सुटलंय. मी सांगते काकांना सगळं. खाऊ देत मला शिव्या."

काकू मग म्हणाल्या, "पाण्याचं काय गं, तेही पिईन. पोरी, खरं सांगू? यांना तंजावरची कॉफी पहिल्याच मार्गशीर्षात जमली होती. माझ्या आईच्या हातची व्हायची त्याहून सरस."

माझ्या हातातून फणी पडली. "मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर उठले असते. लग्न होऊन तीस वर्षं झाली, पोरी. डहीचा डोंगर यांनी जितका बघितला तितकी मला बघितली नाही. घरी यायचे, जेवायचे, नकाशे पसरायचे, निघायचे. वाईट नव्हते गं. ठाऊकच नव्हतं, बायकोसमोर बसून काय बोलायचं ते. त्या दिवशी पहिल्यांदा चौरंगावर बसले आणि विचारलं, 'काय कमी आहे?' मी म्हटलं, 'पाणी असेल.' घटकाभर बसले. मग मी रोजच नाही म्हणत गेले." पुढे म्हणाल्या, "तुला वाचवायला हो म्हटलं आणि माझंच घर बसलं बघ."

मी डोळे पुसले आणि चांगलीच खडसावली त्यांना. "मग उद्या सकाळी नाही म्हणा! आणि ते धुणं बंद करायला सांगा, नाहीतर मराल त्या पाण्यानं."

दुसऱ्या सकाळी काका फुलपात्र देऊन वळले, तोच काकू म्हणाल्या, "अहो, आज ती चव नाही हं." काका थबकले. वाईट वाटायला हवं होतं ना? पण चेहरा असा फुलला! चौरंग ओढला, बसले. "नाही? काय कमी वाटतं?"

"मला वाटतं, धुऊन धुऊन अर्क उतरत असेल. धुवायची ती भावाकडचीच."

"असेल, असेल. माती निराळी, दाणा निराळा. थांब, आपण पाण्यापासून पुन्हा सुरू करू," काका म्हणाले. काकूंनी बोलता बोलता नानकटाई मोडून तोंडात टाकली, आणि दाराआड मी देवीला नारळ बोलले.

त्यानंतर चार वर्षं काकू होत्या. माघात गेल्या. त्या सकाळीही घोट घेऊन म्हणाल्या होत्या, "छान झालीय. पण तंजावरची नव्हे." काका तिसऱ्या प्रहरी नवीन गाळणं आणायला गेले, ते आले तेव्हा सगळं संपलं होतं.

दिवस झाले, गोड झालं, माणसं पांगली. काकांनी कढई खुंटीला टांगली आणि चौरंगावर रिकाम्या पलंगासमोर बसून राहिले. मी ताट नेऊन ठेवायची, तसंच परत यायचं. आमचे हे समजावून थकले. चाचा सडक ओलांडून आले, दारात उभं राहून म्हणाले, "भिया, भट्टी गरम है, डब्बा नहीं आया." काकांनी नुसती मान हलवली. मला तर भीतीच वाटायला लागली. या घरातून परत येणारं ताट मला नवं नव्हतं.

एके सकाळी मी कढई खुंटीवरून काढली. शेगडी पेटवली, दाणे ओतले, माळ डाव्या हातात घेतली. पण मला कुठे जमायला! पाव माळेतच धूर निघाला, अंगण काळं झालं. तेवढ्यात मागून धोतराचा सोगा सावरत काका धावत आले. "जाळलेस! अगं, हात थांबवू नये मध्ये! सर, हो बाजूला!" माझ्या हातातून उलथनं हिसकावलं. जळके दाणे फेकले, दुसरे घातले आणि बसले. दीड माळ मी पाठीशी उभी होते. भाजलं, कुटलं, मुरवलं, गाळलं. एक फुलपात्र भरलं, उचललं आणि आतल्या खोलीकडे निघाले.

उंबऱ्याशी पाय थांबले. तिथेच उभे राहिले, फुलपात्र हातात.  माझ्यानं पुढे होववेना. मग ते वळले आणि फुलपात्र माझ्यापुढे धरलं. "बघ गं," एवढंच म्हणाले.

मी त्या घरात सात वर्षं काढली होती, पण कॉफी कधी तोंडाला लावली नव्हती. डोळे मिटून घोट घेतला. काय सांगू तुम्हाला! पोटात ऊब उतरली आणि वाटलं, आत्ता कुठे उजाडलंय. तोंडावर आलं होतं, की काका, अमृत आहे हो. डोळे उघडले तर ते चौरंग उंबऱ्याशी ओढून त्यावर टेकले होते आणि माझ्याकडे बघत होते. तोच चेहरा, परीक्षेतला.

तंजावर मी नकाशातसुद्धा पाहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, "छान झालीय, काका. पण तंजावरची नव्हे."

 कळलं असेल का त्यांना? मला वाटतं, कळलं असावं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बांधांची मोजणी केलेला माणूस. मग ते पुढे वाकून म्हणाले, "काय कमी आहे?"

"पाणी असेल."

"हूं. उद्या टेकडीखालचं आणून बघतो," म्हणाले आणि इकडेतिकडे बघायला लागले. "नानकटाई नाही का गं? नुसतीच प्यायलीस, पित्त होईल. चाचांकडे जाऊन येतो." पितळी डबा शोधायला उठले. त्या दिवशी दुपारी ताटातला भात संपला.

पुढे नऊ वर्षं जगले. आणि जावईबापू, त्या नऊ वर्षांत मी देवासातली सगळ्यांत चांगली कॉफी रोज सकाळी प्यायले आणि रोज तिला नावं ठेवली.